भट्टीवर पाव भाजण्यास पात्र व्यक्ती

सन १९३८च्या वसंतात आमचं गाव अस्सल पोर्तुगीज आहे की नाही, हे ठरवायला लिस्बनहून लोकसंस्कृती समितीचे डॉक्टर सेव्हेरीनू आले. तोवर गावाला तशी शंका आली नव्हती.

डॉक्टरसाहेब गावच्या दगडी भट्टीपाशी थांबले. तिथे बायका पाळीपाळीने आठवड्याचा मक्याचा पाव भाजत. सत्तरीची विधवा फेलिश्मीनामावशी पावाचा गोळा आत सरकवून ओरडली, "फूग मेल्या, फूग, पाद्रीबाबाच्या पोटासारखा!"

"हे पूर्वापार?" डॉक्टरांनी वही काढली.

"माझ्या पणजीपासून. पाद्री बदलले, पोट तेच."

समितीने यावर सखोल संशोधन केलं. द्राक्षं उतरायच्या सुमारास पुस्तिका छापून आली. परिशिष्ट तीननुसार पोर्तुगीज स्त्री भट्टीसमोर लाल घागऱ्यात, हसतमुखाने म्हणते, 'हे पावा, राष्ट्राच्या मस्तकासारखा उन्नत हो.' सोबत आदेश: परंपरेत भेसळ होऊ नये म्हणून यापुढे भट्टी फक्त प्रमाणित गावकऱ्यांसाठी. प्रमाणपत्रासाठी तोंडी परीक्षा. नापासांचा पाव बंद.

मावशी परीक्षेला विधवेच्या काळ्या कपड्यांतच आली.

"लाल घागरा कुठाय?"

"नवरा जाऊन तीस वर्षं झाली, डॉक्टर. आता नटू कोणासाठी, तुमच्यासाठी?"

"भट्टीसमोर काय म्हणता?"

तिने सांगितलं. डॉक्टरांनी पुस्तिका चाळली. "हे यात नाही."

"अहो, मलाच विचारून लिहिलंत ना!"

"माहिती देणारी बाई अस्सल ग्रामस्त्री होती, असं पान नऊवर नमूद आहे. ती तुम्ही असतात, तर तुम्हाला उत्तर आलं असतं."

युक्तिवाद बिनतोड होता. शेरा पडला: 'बाहेरचा प्रभाव. अपात्र.'

नियमांत मात्र दयेला जागा होती. एका प्रमाणित गावकऱ्याने साक्ष दिली, तर निकाल फिरवता येई. मी गावचा पोस्टमन. माझं प्रमाणपत्र सकाळीच मिळालं होतं, शाई अजून वाळायची होती. मावशी माझ्याकडे वळली.

"सांग की रे, आदेलीनू! तुझी नाळ मी कापलीय मेल्या!"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी पुस्तिका उघडली, प्रसूतीचं प्रकरण काढलं आणि नीट वाचून म्हणालो, "साहेब, इथली सुईण लाल घागऱ्यात दाखवलीय."

मावशी दुसऱ्या दिवशी डोंगरापलीकडे लेकीकडे गेली. तिथे समिती अजून पोचायची आहे.

माझ्या जागी तुम्ही असतात तर बोलला असतात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आम्हीही तसेच आहोत. पान चाळीसवर छापलंच आहे: 'येथील मनुष्य स्वभावतः निर्भीड असतो.'