हात असल्याचा दाखला

पुण्यात भिंतीवर मासा लावायचा तर तो हातानं घडवलेला असावा लागतो. नुसता घडवलेला असूनही भागत नाही, तसा दाखला लागतो. दाखला नसला की पाहुणे माशाकडे बघून ‘बरा आहे’ म्हणतात आणि चहाचं विचारतात. ही गैरसोय टाळण्यासाठी ‘हस्तकला सत्यता कक्ष’ स्थापन झाला. कक्षात तीन टेबलं, अंगठ्याचं एक मशीन आणि यज्ञेश्वरराव एवढी सामग्री होती.

विश्रांतवाडीचे मन्सूरभाई चाळीस वर्षं तांब्या-पितळेचा पत्रा ठोकून समुद्रातले मासे घडवत होते. सुरमई, रावस, पापलेट. पापलेट असं जमायचं की मांजरं भिंतीखाली बसून राहायची. पण मासे लागायचे श्रीनिवास यांच्या शोरूममध्ये आणि खाली चिठ्ठी असायची ती श्रीनिवासांच्या नावाची. यंदा मात्र एका नव्या हॉटेलनं थेट मन्सूरभाईंनाच गाठलं. आमच्या भिंतीवर अकरा माशांचा थवा लावा, खाली पितळी पाटीवर तुमचं नाव घालतो, असं कबूल केलं. अट एकच. पंधरा दिवसांत दाखला.

नाव लागणार म्हणून मन्सूरभाईंनी ठेवणीतला सदरा घातला, एक सुरमई जुन्या चादरीत गुंडाळली आणि कक्ष गाठला.

यज्ञेश्वररावांनी सुरमई उलटीसुलटी करून पाहिली आणि अर्ज पुढे ओढला. ‘प्रेरणास्थान’ या रकान्यात ‘समुद्र’ लिहिलं होतं.

“पुण्यात समुद्र नाही,” यज्ञेश्वरराव म्हणाले.

“बाजारातून मासा आणतो ना साहेब. समोर ठेवतो, पत्र्यावर आखतो. संध्याकाळी आमची बायको खातून तळते.”

यज्ञेश्वररावांनी लिहून घेतलं : प्रेरणेचा पुरावा अर्जदाराच्या घरी नियमितपणे नष्ट केला जातो. तरीही त्यांनी मन मोठं केलं आणि अंगठा ठेवायला सांगितलं.

मशीननं अंगठा घेतला नाही. दुसराही घेतला नाही. दहाही बोटं झाली. चाळीस वर्षं पत्रा घासून घासून बोटांवर रेघ म्हणून उरली नव्हती. साबण झाला, लिंबू झालं, शिपायाच्या सांगण्यावरून बोटं केसांना पुसून झाली. मशीन दर वेळी अदबीनं एकच सांगत होतं : हात आढळला नाही.

“तीन महिने हातोडीला शिवू नका,” यज्ञेश्वरराव म्हणाले. “रेघा परत येतात. मग या, हातानं काम करता असं लगेच लिहून देतो.”

“आणि तीन महिने मासे कोण करणार?”

“अहो, तो विषय आपल्या कक्षाकडे नाही.”

मन्सूरभाईंनी आत्ता इथेच पत्रा ठोकून दाखवायची तयारी दाखवली. त्यावर यज्ञेश्वरराव म्हणाले की डोळ्यांनी बघून कुणाचीही खात्री पटते, त्यासाठी कक्ष कशाला हवा.

फाईल वर गेली. वर शांतपणे विचार झाला. मासा तयार झालाय, हे मान्य. हात नाही, हे मशीननं सिद्ध केलंय. आणि अर्जात रकाने दोनच, हात किंवा यंत्र. सबब मन्सूर हे यंत्र आहे, असं ठरलं.

यंत्र म्हटल्यावर तपासणी आलीच. तपासनीस विश्रांतवाडीला आले, मन्सूरभाईंना पत्रा ठोकताना तीन तास पाहत बसले आणि शेरा मारला : यंत्र चालू स्थितीत. बनावट सन १९५६. इंधन चहा, दीड तासाला अर्धा कप. आवाज मर्यादेपेक्षा जास्त. अधूनमधून खोकतं. नियमानं नंबराचा बिल्ला यंत्राला खिळ्यांनी ठोकायचा असतो. वयाचा विचार करून तो दोऱ्यानं गळ्यात बांधायची सवलत मिळाली. बिल्ल्याची एक कड वाकडी कापलेली होती. मन्सूरभाईंनी ती कानशीनं सरळ करून घेतली.

त्यांची मुलगी सितारा कक्षात जाऊन भांडली. यंत्राला मुली नसतात, मालक असतो, त्याला पाठवा, असं तिला सांगण्यात आलं.

मालक म्हणून शोरूमवाले श्रीनिवास आले. घरी कॅलेंडर अडकवायला खिळा ठोकायचा तरी ते माणूस बोलवायचे. अंगठा लोण्यासारखा. मशीननं पहिल्या झटक्यात घेतला आणि हिरवा दिवा लावला. मग सगळं सोपं होतं. वीज न लागणारं यंत्र म्हणजे हत्यार, हत्याराचं काम म्हणजे हस्तकला, आणि हात कुणाचा, तर ज्याचा ठसा उमटला त्याचा. दाखला दहा मिनिटांत निघाला.

“मनाला लावून घेऊ नका मन्सूरभाई,” जिना उतरताना श्रीनिवास म्हणाले. “पाटीवर तुमचंही नाव घालायला लावतो. शब्द आहे माझा.”

शब्द त्यांनी पाळला. आज त्या हॉटेलच्या भिंतीवर अकरा मासे एका दिशेनं निघालेत आणि खाली पितळी पाटी आहे : ‘कारागीर – श्रीनिवास. हत्यार – मन्सूर.’ अक्षरं मन्सूरभाईंनीच कोरली आहेत. इतकं नेटकं कोरणारं दुसरं यंत्र पुण्यात मिळालं नाही. मासे पुसायला ते महिन्यातून एकदा जातात. गळ्यात बिल्ला असल्यामुळे त्यांना सामानाच्या दारानं आत घेतात.

गेल्या रविवारी तुम्हीही तिथे होतात. सुरमईच्या खवल्यांवरून बोट फिरवलंत, ‘नक्की हातानंच केलंय ना?’ म्हणून विचारलंत, दाखला वाचून समाधान पावलात आणि फोटोसाठी फोन काढलात. फोन तुमच्या अंगठ्यानं उघडला. पहिल्या झटक्यात.

कक्ष अकरा ते पाच उघडा असतो. कारागीर म्हणून तुमचंही काम होऊन जाईल.