घरची आणि भट्टीची

ज्याला स्वतःचं मत नाही त्याला सरकारी नोकरीत कसलीही भीती नसते, हे तत्त्व जयराम पगारे यांनी बावीस वर्षं निष्ठेने पाळलं आणि एका मंगळवारी, चहाच्या वेळी, अर्ध्या मिनिटात मोडलं.

वाद त्यांचा नव्हताच. शेजारच्या टेबलावरचे सहादू जाधव देवळाली कॅम्पातल्या कोळशाच्या भट्टीचं कौतुक करत होते. गोऱ्या पलटणीच्या काळातली भट्टी, तिच्यासारखी नानकटाई अख्ख्या जिल्ह्यात मिळायची नाही, वगैरे. जयरामांना कोणी विचारलं नव्हतं. पण त्या दिवशी चहा जरा बरा झाला होता.

"नुसतं नाव झालंय हो," ते म्हणाले. "आमच्या घरची खाऊन बघा. भट्टीबिट्टी विसराल."

सहादूंनी एकदम फाइल उघडून तोंडापुढे धरली. ती उलटी होती. जयरामांनी वळून पाहिलं, तर दारात खैरनार साहेब. साहेब दोनच महिन्यांपूर्वी नाशिकला बदलून आले होते, राहायला कॅम्पात होते, आणि त्यांच्या टेबलावर नानकटाईची बरणी कायम भरलेली असते हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

"असं?" साहेब शांतपणे म्हणाले. "मग शनिवारी आणा की घरची, पगारे. मी भट्टीची आणतो. होऊन जाऊ दे निकाल."

साहेब आत गेल्यावर सहादूंनी फाइल खाली ठेवली. "जयरामराव, सुरगाण्याच्या आडरानात दोघांना बदलीवर धाडायचंय म्हणे. नावं साहेबच देणार आहेत."

उरलेला चहा जयरामांना गेला नाही. मुलगी दहावीला, लताबाई नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. सुरगाण्याला एकट्यानेच जावं लागणार, आणि जयरामांना एकट्याने साधी खिचडीही करता येत नव्हती.

संध्याकाळी त्यांनी घरात विषय काढला. "अगं, शनिवारी ऑफिसात नानकटाई न्यायचीय."

"करू की. शुक्रवारी शाळा सुटल्यावर कॅम्पात जाऊन येऊ."

"कॅम्पात कशाला?"

"भाजायला. ताईच्या घराजवळ ती कोळशाची भट्टी नाही का, तिथं."

जयराम खाटेवर बसले. "म्हणजे आपली घरची नानकटाई..."

"पीठ घरचं, भट्टी त्यांची. सतरा वर्षं खाताय. तुम्हाला काय वाटलं, मी स्टोव्हवर भाजते?"

जयरामांना काहीच वाटलं नव्हतं. नानकटाई डब्यातून येते, इथपर्यंतच त्यांचं ज्ञान होतं. मग त्यांनी सगळी हकीकत सांगितली आणि मोठ्याने विचार केला. जिंकलो तर साहेबांचा पाणउतारा, म्हणजे सुरगाणा नक्की. हरलो तर निदान माफी मागता येईल.

"या वेळी थोडी बिघडव ना," ते म्हणाले. "तूप कमी घाल. किंवा मळूच नको नीट."

लताबाईंनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. "माझ्या हातची मी बिघडवू? तुम्ही खुशाल सुरगाण्याला जा. डबा पोस्टानं पाठवीन."

शुक्रवारी भट्टीवर गर्दी होती. बायका घरून मळलेलं पीठ आणून पत्र्याच्या ट्रेवर नानकटाई थापत होत्या. प्रत्येक ट्रेच्या कडेला तारेने एक बिल्ला अडकवायचा, त्यावर खडूने नाव. लताबाईंनी ट्रे भरला, बिल्ला अडकवला आणि म्हणाल्या, "मी ताईला भेटून येते. भाजून झाली की डब्यात भरून घ्या."

जयराम भट्टीवाल्या उस्मानचाचांजवळ उभे राहिले. "चाचा, एवढं नाव आहे भट्टीचं. खरंच काही विशेष आहे का?"

"माल तुमचा, हात बाईंचा, आपली फक्त आग," चाचा म्हणाले. "चांगली झाली तर भट्टीचं नाव. बिघडली तर बाईचं. तीस साल झाले, असंच चाललंय."

तेवढ्यात जयरामांचं लक्ष शेजारच्या ट्रेकडे गेलं. बिल्ल्यावर लिहिलं होतं, खैरनार.

"साहेबांच्या घरूनपण पीठ येतं?"

"दर हप्त्याला. बाईसाहेब मोलकरणीकडून पाठवतात."

दोन्ही ट्रे सारखेच दिसत होते. चाचांनी भट्टीत फावडं घालायला पाठ फिरवली आणि जयरामांनी दोन्ही बिल्ल्यांची अदलाबदल केली. बावीस वर्षांच्या नोकरीतला हा त्यांचा पहिला स्वतंत्र निर्णय. लताबाईंच्या हातची नानकटाई साहेबांच्या डब्यात जाईल, साहेब जिंकतील, सुरगाणा टळेल. घरी जाताना बसमध्ये डबा त्यांनी मांडीवर धरून ठेवला होता.

"एक द्या तरी," लताबाई म्हणाल्या.

"ऑफिसची वस्तू आहे," जयराम म्हणाले.

शनिवारी साहेबांच्या टेबलावर दोन डबे उघडले गेले. सगळे भोवती उभे. साहेबांनी आधी स्वतःच्या डब्यातली खाल्ली, थोडं थांबले, पुन्हा एक तुकडा तोडून पाहिला. मग जयरामांच्या डब्यातली तोंडात टाकली आणि डोळे मिटले.

"वा," ते म्हणाले. "तोंडात टाकताच आपली वाटते. जणू लग्न झाल्यापासून हीच खातोय."

सवयीची चव ही भानगड जयरामांच्या हिशेबात नव्हती. "नाही साहेब, भट्टीचीच चांगली आहे. मी उगाच बोललो."

"मला चव कळते, पगारे. भट्टीचं नुसतं नाव झालंय. तुम्ही बरोबर होता." साहेबांनी स्वतःच्या डब्याचं झाकण लावलं आणि तो त्यांच्यापुढे सरकवला. "हा घरी न्या. वहिनींना खाऊ घाला आणि विचारा, आमच्या मंडळींचं कुठं चुकलं."

जयराम डबा घेऊन व्हरांड्यात आले. आत लताबाईंचीच नानकटाई होती, आणि त्या ती पहिल्याच घासाला ओळखणार होत्या. इकडे साहेब चारचौघांत हरले होते. घरी जावं की थेट सुरगाण्याला, हे त्यांना ठरवता येईना.

"जयरामराव, हे बघितलंत का?" नोटीस बोर्डाशी उभ्या असलेल्या सहादूंनी कुटुंबनियोजनाचा पोस्टर वर उचलून धरला. खाली सुरगाण्याचा हुकूम होता, सोमवारपासून लावलेला.

सुरगाण्याला दोन टायपिस्ट हवे होते. जयरामांना टायपिंग येत नव्हतं.