सदा भावजी आणि टोपीवाल्यांची मासिकं

आमच्या शेजारचे सदा भावजी मासिक उलटं धरून बघायचे. चुकून नव्हे, मुद्दाम. संध्याकाळ झाली की आपल्या छापखान्याच्या पायरीवर बसायचे, मांडीवर जाडजूड इंग्रजी मासिक, आणि त्यातल्या टोपीवाल्या गाणाऱ्याचं डोकं खाली नि बूट आभाळात. येणारा-जाणारा सांगायचा, सदा, उलटां धरलंस. भावजी मान वर न करता म्हणायचे, "सुलटां धरलां तर वाचूक होया. वाचूक लागलंव काय बघूचां ऱ्हवता."

खरं सांगायचं तर सुलटं धरूनही त्यांना ते वाचता आलं नसतं. इंग्रजी अक्षरं ओळखायचे, शब्द नाही. पण छापखानेवाला माणूस. आयुष्यभर शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे, म्हणजे अक्षरं आरशातल्यासारखी उलटीच बघायची. त्यांच्या डोळ्यांना तेच सुलटं वाटत असावं.

ही गोष्ट ऐंशी सालाच्या पुढची, आम्ही आचऱ्याला राहत होतो तेव्हाची. भावजींचा मावसभाऊ रेडीला बंदरावर कामाला होता. तिथे लोखंडाची माती न्यायला परदेशी बोटी लागायच्या. बोटीवरच्या कोणा खलाशाला गाण्याचा नाद असावा, त्याची वाचून झालेली मासिकं मावसभाऊ उचलायचा आणि भावजींकडे पाठवायचा. का, तर सदाला छापील कागद आवडतो. दुसऱ्याला आंबे पाठवावेत तसं.

आमचे हे हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. त्यांनी चाळून सांगितलं की ही अमेरिकेतल्या गावाकडच्या गाण्यांची मासिकं आहेत, कंट्री म्युझिक म्हणतात. भावजींना तेवढं पुरलं. "म्हणजे थंयचे भजनी बुवा," ते म्हणाले, आणि तेव्हापासून त्या सगळ्या टोपीवाल्यांना बुवाच म्हणू लागले.

मी काही फार शिकलेली नाही. जे वाचायला आलं ते चुलीपुढे बसून, वाणसामानाच्या पुड्यांचे कागद वाचून. पण कुतूहल म्हणाल तर मला खंडीभर. दुपारची भांडी आटपली की मी कुंपण ओलांडून छापखान्यात जायची. भावजी माझ्यापुढे मासिक टाकायचे आणि विचारायचे, "वयनी, नजर खंय जाता?"

नजर आधी कुठे जाते, हा त्यांचा परवलीचा प्रश्न. मासिकापुरता नव्हे हं. बाजारात कोळणीच्या टोपलीपुढे उभे राहून विचारायचे. माझ्या नव्या लुगड्याकडे बघून विचारायचे. एकदा कोणाच्या तरी बाराव्याला पंगतीत पान वाढलं होतं, तिथे शेजारच्याला विचारलं. तो बिचारा म्हणाला, वड्यार. भावजी खूश. "बरोबर. वाढणाऱ्यान वडो वर उजव्या हाताक ठेवल्यान म्हणान. मिठार कोणाची जायत?"

तर मासिकांचे कायदे. भावजींनी ते स्वतः शोधून काढले होते आणि मला ते अजून तोंडपाठ आहेत. पहिला टोपीचा. मुखपृष्ठावर बुवा उभा असतो आणि त्याची टोपी वर मासिकाच्या नावात घुसलेली असते. एखादं अक्षर झाकते, कधी दोन. भावजींचं म्हणणं, जितका बुवा मोठा तितकी अक्षरं जास्त झाकणार. नवखा असेल तर त्याची टोपी नावाच्या खाली अदबीने थांबते. आमच्या ह्यांनी एकदा आतला मजकूर वाचून सांगितलं की टोपी खाली थांबलेला हा माणूस चांगला म्हातारा नावाजलेला गवई आहे. भावजी म्हणाले, मग छापणाऱ्यान चूक केल्यान.

दुसरा, पुरुष दात दाखवत नाही आणि बाई दाखवल्याशिवाय राहत नाही. तिसरा, बुवाच्या हातातल्या त्या मोठ्या सतारीची, म्हणजे गिटारीची, मान जिकडे वळते तिकडे कोपऱ्यात काहीतरी छापलेलं असतंच. बाण दाखवल्यासारखं. चौथा मला सगळ्यात आवडायचा. सगळे बुवा लाकडी कुंपणाला टेकून उभे. एकाच्याही मागे घर नाही. माळ, आभाळ, फार तर घोडा. "गाणी घराची म्हणतत," भावजी सांगायचे, "आणि फोटो काढूक सगळे भायर." आतल्या अक्षरांचंही तसंच. फळीतून कापल्यासारखी, पायांशी जड अक्षरं असली की समजायचं जत्रेची किंवा बुटांची जाहिरात. गाणारणीच्या आईने केलेल्या केकची कृती असली की कडेने बारीक फुलांची वेल.

इतकं कळल्यावर माणूस गप्प कसा बसेल? त्या वर्षी डबलबारी होती, म्हणजे दोन बुवांची भजनाची जुगलबंदी. हँडबिलं भावजींकडेच असायची. आमच्या गावचे बुवा मोठे हौशी, फेटा बांधून फोटो काढायला तयार. भावजींनी त्यांना मालवणच्या फोटोवाल्यापुढे आमच्या मागच्या दगडी गडग्याला टेकून उभं केलं, हसायचं नाही अशी ताकीद दिली, आणि फोटोचा ब्लॉक करून आणला. हँडबिल छापून झालं. बुवांनी हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं.

"रे सदा," ते म्हणाले, "माका घरातसून भायर काढल्यानी काय?"

पण खरी आफत वरच्या बाजूला होती. हँडबिलाच्या माथ्यावर नेहमीप्रमाणे देवाचं नाव होतं, आणि बुवांचा फेटा थेट देवाच्या नावात घुसला होता. भावजींच्या हिशेबाने तो बुवांचा मोठा सन्मान. गावाच्या हिशेबाने बुवा देवाच्या डोक्यावर चढले. देवळाच्या कमिटीने बैठक बोलावली. बुवा स्वतः घाबरून देवळात नारळ ठेवून आले. सगळी हँडबिलं पुन्हा छापावी लागली, फेटा खाली आणि देव वर, मध्ये चांगलं बोटभर अंतर. भावजी हरले नाहीत. मला हळूच म्हणाले, वयनी, पण आता नजर खंयच जाणा नाय.

आता इंदूविषयी सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय हे सगळं अर्धंच राहील.

इंदू भावजींची बायको. नांदगावची. लग्नानंतर काही वर्षांनी तिला ताप आला, तो उतरला पण जाताना दोन्ही कान घेऊन गेला. मूलबाळ नव्हतं. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नसल्याने ती फार मोठ्याने बोलायची. तिने आमटीत मीठ टाकलं की नाही हे अख्ख्या आळीला कळायचं. ती चौथी शिकलेली, वाचायला येत होतं. भावजींनी त्यावर तोडगा काढला तो त्यांनाच सुचावा असा. ते तिच्याशी छापून बोलायचे.

खोटं नाही सांगत. "जेवण झालं काय" हे जुळवून कायमचं बांधून ठेवलेलं. "मी बाजारात जातो," "औषध घेतलंस काय," "पावसाचं दिसतंय, कपडे काढ." लागेल ते शाई फिरवून यंत्रावर चढवायचं, चिठ्ठी काढायची, स्वयंपाकघरात न्यायची. घरात जे काही बोलणं व्हायचं त्याला शाईचा वास. बारीक खिळे लग्नपत्रिकांच्या कामात अडकलेले, म्हणून घरच्या बोलण्याला हँडबिलाचे दांडगे खिळे. त्यामुळे इंदूला "चहा टाक" हे ज्या अक्षरात मिळायचं, त्याच अक्षरात गावाला "आज रात्रौ ठीक दहा वाजता" मिळायचं.

आम्ही हसायचो. इंदूही आधी हसायची. मग तिचं हसणं कमी झालं. एक दिवस माझ्या पडवीत बसून चिंचा फोडताना ती तिच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाली, "वयनी, ह्यो माणूस माझ्यावांगडा बोलता काय जाहीर सभा घेता?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती बोलतच राहिली. म्हणाली, नांदगावला भाऊ आहे, भावजय आहे, त्यांना लिहायला वेळ नाही पण हातवारे तरी करतात, तोंडाकडे बघून बोलतात. इथे चिठ्ठी येते नि माणूस परत यंत्राकडे जातो. शिमगा झाला की ती जाणार होती. किती दिवसांसाठी, असं मी खुणेने विचारलं. तिने चिंचा बाजूला सारल्या आणि पदराने हात पुसले.

भावजींना हे वेगळं सांगायची गरजच नव्हती. ती बोलली तेव्हा छापखान्याची खिडकी उघडी होती, आणि तिचं बोलणं तर एसटीच्या तिठ्यापर्यंत जायचं.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर यंत्र बंद. भावजी सगळी मासिकं जमिनीवर मांडून बसलेले, ह्या वेळी सुलटी. मला वाटलं, आता पुन्हा टोपी. पण त्यांनी एक पान माझ्यापुढे सरकवलं. पानावर टोपी नव्हती, कुंपण नव्हतं. जवळजवळ सगळं पान कोरं, आणि मधोमध बारीक अक्षरांत चार-सहा ओळी. कुठल्याशा गाण्याचे शब्द असावेत.

"ह्या मी लय दिवस बघतंय," ते म्हणाले. "काय लिवलां तां माका कळणा नाय. पण ह्या पानार कोण तरी कोणाक तरी हळू सांगता. होय की नाय?"

मी बघितलं. होतं खरं तसं.

"रागाक जाड खिळो आसा, वयनी. हुकमाक आसा, जत्रेक आसा. मायेक खंयचो?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हा माणूस इतके महिने पायरीवर बसून काय शोधत होता. टोप्या न् कुंपणं वाटेत भेटलेली. मी म्हटलं, भावजी, लग्नपत्रिकांचे बारीक खिळे सोडवा. त्यांनी मान डोलावली.

इंदू निघाली त्या सकाळी मी तिच्याबरोबर तिठ्यावर गेले. पिशवी माझ्या हातात, ती पुढे. कणकवलीची एसटी यायची होती. भावजी घरी दिसले नव्हते आणि इंदूने मागे वळून बघितलंही नव्हतं. तेवढ्यात ते आले, शर्टाला शाई, कानावर पेन्सिल, धावल्याने धाप लागलेली. त्यांनी एक मोठा कागद तिच्या हातात दिला. पांढराशुभ्र, लग्नपत्रिकेचा चांगल्यातला. मधोमध एकच बारीकशी ओळ, मुंगी बसावी एवढी.

इंदूने कागद लांब धरला. मग नाकाला लावला. मग उजेडाकडे फिरवला.

"ह्यां काय?" ती म्हणाली, आणि तिठ्यावरची चार माणसं वळली. "माका दिसणा नाय. वयनी, काय लिवल्यान?"

अरे देवा, मी म्हटलं. आजवर दांडगी अक्षरंच वाचायला मिळाल्याने तिचे डोळे कधी कमी झाले ते तिलाही कळलं नव्हतं नि त्यालाही. मी कागद घेतला. वाचलं. "तू जाव नको." तीन शब्द. आणि आता ते मी तिला कसे सांगणार? ओरडले असते तर तिच्याखेरीज साऱ्या आचऱ्याला ऐकू गेलं असतं. मी भावजींकडे बघितलं आणि त्यांच्या कानावरच्या पेन्सिलीकडे बोट केलं.

ते लाजले. पन्नाशीच्या पुढचा माणूस, पण पोरासारखा लाजला. तेव्हा मला आठवलं की मी ह्या माणसाचं हस्ताक्षर कधीच बघितलं नव्हतं. बिलंसुद्धा छापून द्यायचे. त्यांनी कागद एसटीच्या पाटीखालच्या दगडी कट्ट्यावर ठेवला, वाकले आणि लिहू लागले. कसलं अक्षर ते. ओल्या वाळूत तिरकी चालणारी कुर्ली गेल्यासारखं, वेडंवाकडं, बोराएवढं मोठं. मधल्या छापील ओळीला वळसा घालून वर, खाली, कडेला, मिळेल त्या कोऱ्या जागेत लिहीत सुटले.

गाडी आली. कंडक्टरने दार उघडून विचारलं, येतलास काय? भावजी लिहीतच होते, इंदू त्यांच्या पेन्सिलीकडे बघत होती. तो जरा थांबला, मग घंटी मारली आणि गाडी गेली.

इंदू कागद फिरवून फिरवून वाचत होती. वाचून झाल्यावर तिने भावजींकडे बघितलं.

"माका वाटलां," ती म्हणाली, आणि तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच मला तिचा आवाज थोडा खाली आलेला वाटला, "ह्येका लिवाकच येणा नाय."

मग तिने एका कोपऱ्यातल्या ओळीवर बोट ठेवलं आणि भुवया उंचावल्या. ते तिला लागत नव्हतं. भावजी पुन्हा वाकले, आणि तेच अक्षर शेजारी सावकाश, नीट काढू लागले. तीही वाकली. दोघांची डोकी कागदावर एकत्र आली.

मी तिची पिशवी उचलली आणि घराकडे निघाले.