सांता बिबियानाची सोज्वळता आणि सेंट ओनोफ्रेचा गळा

"आमच्या बिबियानात मुलींना काट्यांचा मासा वाढतच नाहीत," ऑरोरा कालवणात चमचा बुडवत म्हणाली. "जेवताना बोट तोंडाकडे गेलं की सिस्टर नुसत्या बघतात. बघणंच पुरतं."

तिची धाकटी जाऊ नेनिता नेमकी त्याच वेळी तोंडातून काटा काढत होती. तिने तो परत आत घेतला.

मालाबानानांच्या घरी रविवारचं जेवण हे असंच चालायचं. ऑरोराची बियांका सांता बिबियानात जात होती, आणि गेली दोन वर्षं ऑरोराचं एकही वाक्य 'आमच्या बिबियानात'शिवाय सुरू झालेलं नव्हतं. नेनिताची टेसा येत्या जूनमध्ये पहिलीत जायची होती. ती कोणत्या शाळेत जाणार हे नेनिताने मनाशी पक्कं केलेलं होतं, आणि तेच तिच्या छातीवर धोंड्यासारखं बसलं होतं.

लिपा शहरात नाव घेण्याजोग्या खाजगी शाळा चार, आणि चौघींचे स्वभाव साऱ्या गावाला तोंडपाठ. टेकडीवरच्या परदेशी वळणाच्या शाळेतली मुलं बाईंना नावाने हाक मारतात आणि बूट न काढता सोफ्यावर पाय घेऊन बसतात. बसस्टँडजवळच्या गणितवाल्या शाळेतली मुलं वाढदिवसाचा केक कापायला कोनमापक मागतात. मासळीबाजारामागची सेंट ओनोफ्रे ही चर्चची जुनी शाळा. तिथल्या मुलीने अंगणातून भावाला हाक मारली की तीन गल्ल्यांतले भाऊ घरी येतात. आणि सांता बिबियाना? तिथली मुलगी शिंकली तरी ते फक्त तिच्या रुमालाला कळतं. शिवाय तिथे प्रवेश मुलीला पाहून देत नाहीत, आईला पाहून देतात, असं सगळे म्हणत.

इथेच पंचाईत होती. नेनिता स्वतः ओनोफ्रेची. पण लग्न होऊन या घरात आली तेव्हा ऑरोराने नाक किंचित वर करून विचारलं होतं, "तू कुठली गं?" आणि नेनिता बोलून गेली होती, "मनिलाला, सिस्टरांच्या शाळेत." एका सुट्टीत ती मनिलाला मावशीकडे राहिली होती, आणि मावशीच्या स्वयंपाकघराची भिंत कॉन्व्हेंटला लागून होती, एवढं मात्र खरं. तेव्हापासून बिचारी दहा वर्षं हळू आवाजात बोलत होती.

"ओनोफ्रेत शिकून तुझं काय वाकडं झालं?" नवरा बेर्तो विचारायचा. "टेसालाही घाल की तिथे. घरापासून जवळ आहे."

"जवळ आहे म्हणून शाळा निवडायला ते काय न्हाव्याचं दुकान आहे?" नेनिता कुजबुजायची. "आणि ताई आयुष्यभर माझ्या पोरीच्या डोक्यावर बियांकाच्या बिबियानाचे मिरे वाटतील, ते चालेल तुम्हाला?"

त्या रविवारी काट्याचा मासा संपतो न संपतो तोच ऑरोराने खरी बातमी सांगितली. पवित्र आठवड्यातल्या आपल्या घरच्या पबासाला या वर्षी बिबियानाच्या मुली गायला येणार होत्या. सोबत मुख्याध्यापिका सिस्टर बेनिग्ना स्वतः.

नेनिता आधी जळली, मग तिच्या मनात आशा उगवली: आईला पाहून प्रवेश देणाऱ्या सिस्टर घरीच येणार होत्या.

पबासा हा सासूबाईंचा नवस. त्यांना घरात सगळे इनाय म्हणत. सरोवरातला ज्वालामुखी भडकला त्या दिवशी इनायचा नवरा होडीत होता. तो राखेने पांढरा होऊन, पण धडधाकट घरी आला. त्या वर्षापासून अंगणात मांडव घालून प्रभूच्या दुःखभोगाची पोथी गायली जाते. बुधवारी सकाळी विश्वाच्या उत्पत्तीपासून सुरुवात, ती शुक्रवारी दुपारी क्रुसापर्यंत. गाणारे बदलतात, गाणं थांबत नाही. भोंगा लावलेला असतो, त्यामुळे देवाला आणि अख्ख्या आळीला सारखंच ऐकू जातं. सूर तुटला तर पुन्हा उत्पत्तीपासून सुरुवात, असा इनायचा नियम. आजवर तो कधी लागू करावा लागलेला नव्हता.

त्या वर्षी गुरुवारी दुपारी बिबियानाच्या मुलींची पाळी लागली, आणि त्यांच्यानंतर तेओफिलाबाई आणि मंडळींची. तेओफिलाबाई म्हणजे ओनोफ्रेच्या निवृत्त गायनशिक्षिका. नेनिताला गायला त्यांनीच शिकवलं होतं. बाई दर वर्षी नेनिताला पाहिलं की भर मांडवात म्हणायच्या, "काय गं बाजारगळे." एरवी ते ऐकायला ऑरोरा जवळ नसायची. आज सिस्टर बेनिग्ना पहिल्या रांगेत बसणार होत्या.

तेव्हा नेनिताने, सिस्टर निघून जाईपर्यंत बाईंना मांडवात पाऊलच टाकू द्यायचं नाही, असं ठरवलं. तिने अंगणापलीकडच्या आपल्या स्वयंपाकघरात त्यांना आणि त्यांच्या चारही साथीदारणींना नेलं. समोर नारळाच्या दुधात घोटलेला चिकट तांदळाचा कालामाय ठेवला, आंबे कापले, कडक काळी कॉफी ओतली.

"आमची पाळी होईल गं," तेओफिलाबाई म्हणाल्या.

"अजून वेळ आहे बाई. त्या मुली पुष्कळ गाणार आहेत. थोडा घ्या ना आणखी."

बाईंनी घेतला. नेनिताने पंखा त्यांच्याकडे वळवला, पदर नव्हता म्हणून ओढणी सारखी केली, आणि बिबियानाला शोभेल अशा चालीने मांडवात जाऊन सिस्टरांच्या शेजारी बसली.

मुली गात होत्या. गिटारीवर, हलकं, गोड, जणू देवाची झोप मोडू नये म्हणून. ऑरोरा सिस्टरांच्या दुसऱ्या बाजूला बसून प्रत्येक ओळीला मान डोलावत होती. 'ही माझी' असं ती म्हणत नव्हती, पण बियांकाकडे बोट मात्र करत होती.

"आपण कुठे शिकलात?" सिस्टरांनी नेनिताला हळूच विचारलं.

"मनिलाला," नेनिता त्याहून हळू म्हणाली. "सिस्टरांकडे."

"छान," सिस्टर म्हणाल्या, आणि नेनिताला टेसा पांढऱ्या गणवेशात दिसली.

तेवढ्यात मुलींनी पान संपवलं, नमस्कार केला आणि रांगेत खाली उतरू लागल्या.

"हे काय," इनाय खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "पुढे गा."

"आमची तालीम एवढीच झाली आहे, लोला," बियांका आजीला नम्रपणे म्हणाली.

गिटारवाली मुलगी तारा छेडत राहिली, पण तारांना पोथी वाचता येत नाही. इनायचा चेहरा राखेसारखा झाला. "तेओफिला कुठे आहे? ऑरोरा, तू तरी गा."

"मी?" ऑरोरा म्हणाली. "इनाय, मला सर्दी आहे."

नेनिताने आपल्या स्वयंपाकघराकडे पाहिलं. खिडकीतून तेओफिलाबाई दिसत होत्या: मान मागे टाकलेली, तोंड उघडं, हातात अर्धा आंबा. बाकीच्या चौघी एकमेकींच्या खांद्यावर पेंगल्या होत्या. ते सगळं तिनेच वाढलेलं होतं. आता गप्प बसली तर टेसाला बिबियाना, आणि इनायला उत्पत्ती. तिने इनायच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं आणि मनातल्या मनात म्हणाली, प्रभू, पोरीचं तू बघ.

मग ती उठली आणि गायली.

पहिली ओळ तिने बिबियानाच्या बेताने धरली. दुसऱ्या ओळीला ते जमेना. गेथसेमनेच्या बागेत प्रभू एकटा आहे, शिष्य झोपलेत, आणि हे हळू कसं गायचं? दहा वर्षं दाबलेला गळा एकदम मोकळा झाला. भोंगा किंचाळला. मांडवातल्या कोंबड्या फणसावर चढल्या. प्रत्येक ओळीचा शेवट ती मासळीवालीने माशांची टोपली डोक्यावर उचलावी तसा वर उचलत होती, अगदी ओनोफ्रेच्या पद्धतीने. रस्त्यावरून जाणाऱ्या तिचाकीवाल्याने गाडी थांबवून टोपी काढली. नेनिताला सिस्टर दिसेनात, ऑरोरा दिसेना. डोळ्यांना धार लागली होती आणि शब्द आपोआप येत होते.

तिसऱ्या कडव्याला तिच्या पाठीमागून दुसरा आवाज मिसळला. तेवढाच मोठा. ओळीचा शेवट तसाच वर उचलणारा.

तिने वळून पाहिलं. सिस्टर बेनिग्ना पोथीवर वाकून, कपाळाची शीर ताणून गात होत्या.

एवढ्या आवाजाने स्वयंपाकघरातली मंडळी जागी झाली. तेओफिलाबाई आंबा हातात घेऊनच मांडवात आल्या आणि काठी आपटत म्हणाल्या, "नेनिता, श्वास कुठे घेतेस? आणि बेनिग्ना, तू अजून पुढे पळतेस. शाळेत असतानाही पळायचीस."

"हो बाई," दोघी एका सुरात म्हणाल्या. साथीदारणींनी तोवर पुढची ओळ उचलली होती. बाईंनी पोथी ताब्यात घेतली, आणि गाणं न थांबता पुढे गेलं.

सिस्टर घाम पुसत खाली बसल्या. "मनिला," त्या म्हणाल्या.

नेनिताने मान खाली घातली.

"मीही बिबियानात कुणाला सांगत नाही," सिस्टर म्हणाल्या. "माझी आई बाजारात सरोवरातले तावीलीस मासे विकायची. ईस्टर झाला की मुलीला घेऊन या, जागा देते. पण खरं सांगू का, आमच्या मुलींना एक पान येतं. ओनोफ्रेने आपल्याला पोथी दिली. तुम्ही मुलीला तिथे न घालता इकडे कशाला आणता, मला कळत नाही."

"नाव आहे ना, सिस्टर," नेनिता म्हणाली.

पलीकडे ऑरोरा फार लक्ष देऊन ऐकत होती.

जूनमध्ये टेसा पांढऱ्या गणवेशात बिबियानात गेली. नेनिताने रविवारच्या जेवणासाठी वाक्य कधीचं तयार ठेवलं होतं. तिने चमचा उचलला आणि सुरुवात केली, "आमच्या बिबियानात..."

"बियांकाला काढलं आम्ही तिथून," ऑरोरा मासा उलटा करत म्हणाली. "आजकाल तिथे कोणीही जातं. ओनोफ्रेत घातलं. तिथे जागा मिळणं सोपं नाही म्हणे. तेओफिलाबाई स्वतः गळा ऐकतात. आमच्या ओनोफ्रेत मुलींना मुळापासून घडवतात." मग तिने दोन बोटांनी तोंडातून काटा काढला, ताटाच्या कडेला ठेवला आणि प्रेमाने म्हणाली, "तू पबासाला गायलीस ते चांगलं होतं गं. फक्त शेवट अजून जरा वर उचलायला हवा."

नेनिताच्याही दाढेत काटा अडकला होता. टेसा तिच्याकडे पाहत होती, नुसती पाहत होती, जसं तिला शाळेत शिकवलं होतं. नेनिताने काटा गिळला.