पिस्ता रंगाचा पोपडा

आमच्या शेजारचे दादारावकाका शर्टाच्या खिशात घराचा तुकडा घेऊन फिरायचे. खरंच सांगतो. समोरच्या भिंतीचा, पिस्ता रंगाचा, बोटभर पोपडा. राजापेठेतल्या रंगाच्या एकूणएक दुकानात तो काउंटरवर ठेवून "अस्साच पाह्यजे" म्हणून झालं होतं. दुकानदार शेडकार्ड काढायचा. काका ते उन्हात नेऊन बघायचे, सावलीत नेऊन बघायचे आणि मान हलवायचे. "हा जास्त हिरवा होऊन राह्यला, बाप्पा." एकदा तर पोपडा घेऊन थेट अकोल्याला जाऊन आले.

मुळात माणूस भित्रा. कुलूप लावलं की त्याला लोंबकळून बघणार, कोपऱ्यावरून परत येऊन पुन्हा लोंबकळणार. गल्लीत अनोळखी कुत्रं आलं की ते जाईस्तोवर घरात. म्हणून रंगाचीही मी थट्टाच करायचो. म्हटलं, काका, लोक जावई तरी इतका पारखून घेतात का? ते हसले नाहीत. "रंग चुकला तं घर चुकते," एवढंच म्हणाले.

मंदाकाकू, म्हणजे त्यांची बायको, हल्ली विसरतात हे गल्लीला ठाऊक होतं. पण रस्त्यापलीकडच्या देवळात त्या रोज एकट्या जायच्या, एकट्या यायच्या. मग कोण कशाला मनावर घेतो?

भिंतीला खार फुटलेला, रंगवणं भागच होतं. अखेर रंग जुळला. काका डबा आणायला दुकानात गेले, काकू देवळात. इकडे पेंटरनं रीतीप्रमाणे आधी सगळ्या भिंतीला पांढरा प्रायमर मारला. रंगाचा इतका कीस पाडणाऱ्या माणसाच्या नेमकं हेच ध्यानात आलं नव्हतं.

काका परतले, पांढरी भिंत बघितली आणि हातातला डबा तिथेच टाकला. "मंदा आली काय?" आल्या नव्हत्या. मी देवळात बघून आलो, तिथेही नव्हत्या. आमच्या रस्त्यावर ट्यूशनची पोरं गाड्या कशा हाकतात ते आम्हालाच माहीत. आम्ही दोघं गल्ल्या धुंडाळत सुटलो. कुठे करकचून ब्रेक लागला की काका डोळे मिटून उभे राहत आणि मग पुन्हा धावत.

सापडल्या त्या मागच्या गल्लीत. एका पिस्ता रंगाच्या घराच्या पायरीवर, मांडीवर प्रसादाची वाटी. दाराला कुलूप. काकांना बघून रागावल्या.

"कुठी गेल्ते तुमी? मी कवाची बसून राह्यली. कुलूप काहून लावलं?"

काका त्यांच्याजवळ पायरीवर बसले.

"माह्यंच चुकलं. चाल, मांगच्या दारानं जाऊ. समोर रंग वला हाय."

काकूंनी त्या भिंतीला हळूच बोट लावलं. बोट कोरडंच होतं. बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिल्या, मग काकांकडे. वाटी माझ्या हाती दिली आणि काकांचं मनगट धरून उठल्या.

"चाला," म्हणाल्या, "पण माहा हात सोडू नका."