तीन मुक्काम आणि चौथी सकाळ

सोमवारी सकाळी गुंडप्पा, म्हणजे माझे घरमालक अप्पा, वारले. त्या दिवशी माझे तीन मुक्काम पूर्ण झाले होते आणि नियमाप्रमाणे मला खोली सोडायची होती.

नियम पंचायतीचा होता. कर्नाटकातल्या औरादला कचेरीच्या कामाला किंवा बाजाराला आलेल्या माणसांना अप्पा घरातली पुढची खोली मुक्कामाला देत. एका माणसाला सलग तीन मुक्काम, त्यापुढं नाही, असं परवान्यात होतं. अप्पांनी तो काचेत घालून देवाच्या फोटोशेजारी टांगला होता. परवाना कन्नडमध्ये होता. अप्पा कन्नड बोलत, पण त्यांना ते वाचता येत नसे. नियम मात्र तोंडपाठ होता.

मी मराठी शाळेवर मास्तर म्हणून आलो, तीन मुक्कामांसाठी. नऊ वर्षं राहिलो.

दर चौथ्या सकाळी अप्पा दारात उभे असत. "गुरुजी, मुदत संपली." मी ट्रंक घेऊन बसस्टँडवर जाई, एक चहा पिई आणि परत येई. अप्पा वही उघडून बसलेले.

"नाव?"

मी सांगे.

"गाव कंचं?"

"उदगीर."

"कामून आलाव?"

"शाळेत शिकवायला."

"बरं झालं आलाव. खोली रिकामीच हाय."

त्यांची थोरली बहीण, अक्का, दिवाळीला आली तेव्हा तिलाही त्यांनी उंबऱ्यातच थांबवलं. "कामून आलीस?"

"तुझं तोंड बघायला, मुडद्या."

अप्पांनी कामाच्या रकान्यात लिहिलं : तोंड बघणे.

एकदा पंचायतीचा कारकून तपासणीला आला. वहीच्या पानापानावर माझं नाव बघून म्हणाला, "अप्पा, म्हैन्याचा परवाना काढा की. मास्तरला उगं कामून फिरवायलाव?"

"म्हंजे ह्यांनी जायचंच न्हाई?"

"न्हाई."

"गेलंच न्हाई तर मानूस परत येतंय कसं?"

कारकुनानं माझ्याकडं बघितलं. मी ट्रंकेकडं बघितलं. अप्पांनी वही मिटली. "आमचं हाय तेच बरं हाय."

अप्पांचा मुलगा ट्रंक घेऊन हैदराबादच्या बसमध्ये बसला होता, तो आलाच नाही. हे मला अक्कांनी सांगितलं. अप्पांनी त्याचं नाव कधी काढलं नाही.

एका वर्षी मला हिवताप आला. चौथ्या सकाळी अप्पांनी माझ्या कपाळाला हात लावला, "नियम हाय" म्हणाले, आणि माझी ट्रंक स्वतःच उचलून स्टँडवर गेले. घामाघूम होऊन परतले. माझ्या वाटचा चहाही पिऊन आले होते. मग खाटेशी बसून त्यांनी विचारलं, "नाव?"

सोमवारी माती झाल्यावर मी ट्रंक घेऊन स्टँडवर गेलो. चहा घेतला. परत आलो तेव्हा अक्का उंबऱ्यात बसल्या होत्या. वही त्यांच्या मांडीवर होती. त्यांना लिहिता येत नाही.

"कामून आलाव, गुरुजी?"

मी वही घेतली. नाव लिहिलं, गाव लिहिलं. तिसरा रकाना तसाच राहिला.

परवाना अप्पांच्या नावचा होता, तो संपला. मी त्याच खोलीत आहे. आता मला कुणी बाहेर काढत नाही.