अण्णांची छत्री

आमच्या दूध कट्ट्यावर समोर म्हशीची धार काढून ताजं दूध देतात. तिथल्या बाकावर दोन माणसं मावतात. अण्णा मगदूम असले की एकच मावतं, कारण शेजारच्या जागेवर ते छत्री आडवी ठेवतात. भर उन्हाळ्यातसुद्धा.

अण्णांनी चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवलं. रक्तदाबाची गोळी मागणाऱ्याला गोळीआधी व्याख्यान मिळायचं. "पावणं, काळजावर बारकी कुलपं असत्यात. रिसेप्टर म्हणायचं त्यास्नी. अॅड्रेनालिन ही किल्ली. ती बसली की धडधड. आन् ब्लॉकर म्हंजे दुसरी किल्ली. कुलपात बसती, पर फिरत न्हाय. खरी किल्ली मग भाईर उभी."

मी हे सात वेळा ऐकलं आहे. गोळी पाच वर्षं घेतो आहे.

दुकान सुटलं, व्याख्यान सुटलं नाही. फाटकासमोर लावलेली दुचाकी म्हणजे ब्लॉकर. लग्नात पहिल्या रांगेत झोपलेला पाहुणा म्हणजे ब्लॉकर. "जागा धरली, काम शून्य."

छत्री उचलू का, असं कुणी विचारलं की अण्णा म्हणत, "ब्लॉकर हाय त्यो. ऱ्हा की उभा." एका आठवड्यात नऊ जण परत फिरलेले मी मोजले. दहावा व्हायला नको म्हणून मी उभ्यानंच दूध प्यायचो.

एका संध्याकाळी म्हशीची धार चालू असताना माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. गवळी ओरडला, "साहेब, बसा खाली." मी छत्रीकडं पाहिलं. अण्णांनीही पाहिलं. मग त्यांनी ती उचलून मांडीवर घेतली.

"बसा. गोळी चुकली व्हय?"

दोन दिवस चुकली होती.

गवळी ग्लास देताना माझ्या कानाशी म्हणाला, "काकींची, अण्णांच्या मंडळींची जागा ती. दीड वरीस झालं त्यास्नी जाऊन."

अण्णा माझी नाडी धरून घड्याळात बघत होते. "चुकवू नगा. ब्लॉकर एकदम सुटला की धडधड उलट वाढती."

"आणि बंदच करायचा झाला तर?"

"हळूहळू. आधी निम्मी. मग एक दिसाआड." एवढं बोलून ते छत्रीची मूठ पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी छत्री बाकावर होती. मी उभा राहिलो. तिसऱ्या दिवशी ती मांडीवर होती. मी बसलो. तेव्हापासून एक दिवसाआड हेच चाललं आहे.

मी बसतो त्या दिवशी दोन्ही ग्लासांचे पैसे अण्णा गवळ्याला देतात. मला खिशात हात घालू देत नाहीत.

गवळी म्हणतो, "दोन ग्लासाचं देताना अण्णा सुट्टं मोजत न्हाईत. काकींच्या येळंपास्नं पाठ हाय त्यास्नी."